पथ्याच्या नावाने ताट रिकामे करू नका



पूर्णा येथील रेल्वे कॉलनीशेजारी राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानांचे आहे, पण त्यातली हकीकत थोडक्यात अशी. त्यांच्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. प्रथम शेजारणीने सांगितले की वरण वातूळ असते, ते बंद करा. वरण बंद झाले. मग कोणी म्हणाले की आंबटाने सांधे धरतात. दही, ताक, लिंबू बंद झाले. नंतर हरभरा, मटकी, चवळी, वांगे, बटाटा अशी रांगच लागली. अंडे उष्ण म्हणून तेही गेले. आता सासूबाई दोन वेळा भाकरी आणि ठेचा खातात, बाकी दिवसभर चहा-टोस्ट. दंड आणि मांड्या वाळल्या, पोट मात्र सुटले. गुडघे पूर्वीपेक्षा जास्त दुखतात. पूर्वी त्या पौर्णिमेला विहारात चालत जात, खाली बसून वंदना घेत. आता संडासला जायलासुद्धा धरून न्यावे लागते.

पत्राच्या शेवटी त्या भगिनी विचारतात, "आत्याबाईंचं आता आणखी काय बंद करू?"

ताई, आमचे उत्तर असे की आता काहीही बंद करू नका. जे बंद केले आहे ते पुन्हा सुरू करा. हे उत्तर नुसते देऊन चालणार नाही, त्याचे कारणही सांगितले पाहिजे. म्हणून आजचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

हे गुडघे कशाने झिजले?

पूर्णा हे जुने जंक्शन. वाफेच्या इंजिनांच्या काळात येथे लोको शेड होते. आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी तेथे आणि रुळांवर जन्म घालवला. कोणी खलाशी, कोणी गँगमन, कोणी कोळसा ओढणारा. उकिडवे बसून काम करणे, जड ओझे खांद्यावर घेऊन खडीवरून चालणे, हेच त्यांचे रोजचे काम होते. ज्यांना रेल्वेत काम मिळाले नाही त्या घरांतील बायका रोजाने शेतात गेल्या. वाकून निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी केली. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो मजुरांनी सरकारी कामावर खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हा ज्या मुली पंधरा-वीस वर्षांच्या होत्या, त्या आज आपल्या घरातल्या आजी आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की गुडघे वरण खाल्ल्याने झिजलेले नाहीत. कष्टाने, उकिडवे बसण्याने, जुन्या दुखापतींनी, वयाने आणि पुढे वाढलेल्या वजनाने ते झिजले. काही घरांत हे दुखणे पिढीजातही असते. दोष वरणाचा नव्हता, पण शिक्षा मात्र वरणाला झाली.

सांधा असतो तरी कसा?

दोन हाडे जिथे मिळतात तिथे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत आणि चिवट अशी गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते आणि त्यात थोडा बुळबुळीत द्रव असतो. लोक म्हणतात, "गुडघ्यातलं वंगण संपलं." रेल्वेतल्या माणसाला तर ही भाषा लगेच पटते, कारण इंजिनाला तेलाच्या डब्याने वंगण घालता येते. पण माणसाच्या सांध्यात असे बाहेरून खाण्यातून तेल ओतता येत नाही. तूप प्यायले तर ते पोटात पचते आणि त्याची चरबी होते, ते गुडघ्यात जाऊन बसत नाही.

या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कुठून मिळते? सभोवतालच्या द्रवातून. पाऊल टाकले की गादी दाबली जाते, उचलले की सैल होते. स्पंज दाबून सोडला की पाणी ओढतो, तशी ती द्रवातून पोषण ओढते. म्हणजे आपण खाल्लेले सांध्यापर्यंत पोचायचे तर सांधा हलला पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सांधा उपाशी राहतो.

दुसरी गोष्ट, गुडघा एकटा भार उचलत नाही. मांडीच्या पुढच्या भागातील मोठा स्नायू त्याला सावरून धरतो. तो स्नायू वाळला की सगळा धक्का हाडांवर आणि गादीवर येतो. वय वाढते तसे स्नायू आपोआप घटतात. त्यात प्रथिने बंद केली तर ते दुप्पट वेगाने घटल्यासारखे होते. पत्रातील सासूबाईंचे नेमके हेच झाले. वरण, अंडे, दही, मटकी, हरभरा हीच तर गरिबाच्या घरातील प्रथिने. वातूळ, आंबट आणि उष्ण म्हणून जे जे काढले, त्यातले बहुतेक मांडीला बळ देणारे होते.

वातूळ आणि आंबट यांचे काय?

आपल्या आया-आज्या हे मानत आल्या, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. हरभरा किंवा मटकी खाऊन पोटात गुबारा धरतो, हे खरे आहे. पण पोटातला वारा गुडघ्यात जात नाही. डाळ खाल्ल्याने किंवा चिंच-लिंबू खाल्ल्याने गुडघ्याची झीज वाढते याला पुरावा नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्व शरीराला कूर्चा आणि अस्थिबंध यांचे तंतू बांधण्यासाठी लागते.

एखाद्या पदार्थाने दुखणे वाढते अशी कोणाची खात्रीच असेल तर साधी परीक्षा करा. तो एकच पदार्थ पंधरा दिवस सोडा. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. एका वेळी दहा पदार्थ सोडले तर काही कळत नाही, नुसती उपासमार होते. गुबारा धरत असेल तर मटकी-हरभरा रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, मोड आणा, चांगले शिजवा, वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्या. हरभऱ्यापेक्षा मुगाचे वरण पचायला हलके.

रोजचे ताट कसे असावे?

वयस्क माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत, असे आज तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. आता हिशोब मांडू.

दिवसभरात तीन ज्वारीच्या भाकरी, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ, त्यातून सुमारे 15 ग्रॅम. मूठभर डाळीचे, म्हणजे तीस ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, 7 ग्रॅम. एक अंडे, 6 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, मग ते कुटाच्या रूपाने भाजीत का असेनात, 7 ग्रॅम. मूठभर फुटाणे, 6 ग्रॅम. एक पेला दूध किंवा तेवढ्याचे दही, 6 ग्रॅम. ही बेरीज 47 होते. भाजीतले थोडे धरले की पन्नास झाले. यात बाहेरून आणलेल्या डब्याची गरज कुठे पडली? जाहिरातीतल्या पावडरीच्या एका डब्याच्या किमतीत महिनाभर रोज एक अंडे येते आणि वर पैसे उरतात.

ज्यांना दात नाहीत त्यांचे काय? फुटाणे दळून पीठ करा, ताकात कालवा. शेंगदाण्याचा कूट करा. बेसनाचे पिठले मऊ असते आणि बेसनात शंभर ग्रॅमला सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. हुलग्याचे माडगे, मुगाची पातळ खिचडी, उकडलेले अंडे कुस्करून, भाकरी वरणात किंवा दुधात चुरून, असे कितीतरी मार्ग आहेत. चहात बुडवलेला टोस्ट हे जेवण नव्हे. तो मैदा आणि साखर आहे.

मांस-मासळी खाणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा-दोनदा मासे घ्यावेत. सुकट-बोंबील स्वस्तात भरपूर प्रथिने देतात. मात्र खारवलेली सुकी मासळी रक्तदाबाच्या माणसाने धुऊन, बेताने खावी. आपल्या भागात सोयाबीन पोत्याने पिकते आणि सगळे तेलाच्या कारखान्याला जाते. त्यातले मूठभर भाजून दहा भाग गव्हाच्या पिठात एक भाग दळून घातले, तर पोळीचा कस वाढतो. सोयाबीन कच्चे मात्र कधी वापरू नये.

एक सूचना. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हाडांसाठी चुना हवा

झिजलेल्या सांध्याच्या शेजारी ठिसूळ हाड असेल तर दुःख दुप्पट. बायकांची पाळी गेल्यानंतर हाडे वेगाने विरळ होतात. हाडांना कॅल्शियम रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागते. दूध-दही तर आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, पण बाजारात मिळते. आठवड्यातून तीन वेळा आंबील करावी. आपल्या मराठवाड्यात तिळाला हावरी म्हणतात. हावरीची चटणी रोज एक-दोन चमचे ताटात असावी. दारातल्या शेवग्याचा पाला आपण झाडून टाकतो, त्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. करडईची कोवळी भाजी, शेपू, तांदुळजा, राजगिरा या हिरव्या भाज्या आलटून पालटून करा.

कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातून मिळते. परभणी जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही, पण म्हातारी माणसे अंधाऱ्या खोलीत बसून असतात. हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास हात, पाय, तोंड उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे उन्हात बसवा. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने माणूस आजारी पडेल, तेव्हा सकाळीच बसावे.

ज्वारीविषयी दोन शब्द. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला तशी कितीतरी घरांतून भाकरी कमी झाली. गहू-तांदूळ वाईट नाही, पोट भरते. पण नुसत्या पांढऱ्या भातावर राहू नये. भाकरीत तंतू असतात, भूक लवकर लागत नाही, साखरही हळू चढते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण 2018 मध्ये दिले. त्यात लोह आणि जस्त साध्या ज्वारीहून जास्त आहे. ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनी घरच्यापुरती तरी ही ज्वारी पेरून पाहावी.

वजनाचा हिशोब

आता दुसरी बाजू. काही घरांत म्हातारी माणसे वाळतात, तर काही घरांत जड होतात. निवृत्त झालेला रेल्वे कामगार पूर्वी दिवसभर राबून जेवढे खाई तेवढेच बसून खातो. मग वजन वाढते. संशोधकांनी मोजून पाहिले आहे की गुडघे झिजलेल्या जड माणसाचे वजन एक किलो कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसात दोन हजार पावले टाकणाऱ्याने हिशोब करावा. जास्त वजनाच्या माणसांनी आहार आणि व्यायाम या दोन्हींच्या जोरावर दहा टक्के वजन उतरवले, तेव्हा दीड वर्षात त्यांचे गुडघ्याचे दुखणे जवळपास निम्म्यावर आले, असे एका मोठ्या अभ्यासात दिसले. ऐंशी किलोच्या माणसाला दहा टक्के म्हणजे आठच किलो.

या बाबतीत संयुत्त निकायातील कोसल नरेश प्रसेनजिताची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत तथागतांकडे येई. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही, औषध दिले नाही. जेवणात मात्रा जाणावी, एवढाच उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून देण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभरावर आला, अंग हलके झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याहून वेगळी नाही. एकदम नव्हे, हळूहळू. आणि घरातल्या कोणीतरी प्रेमाने आठवण करून द्यायची.

कमी काय करावे? साखरेचा चहा दिवसातून दोन वेळांच्या वर नको. शेव, फरसाण, भजी, टोस्ट, बिस्किटे, बाटलीतली गोड पेये कमी करा. तेल माणशी दिवसाला चार लहान चमचे पुरे. वरण, अंडे, भाजी मात्र कमी करू नका. वजन उतरवताना चरबी जावी, मांडी जाऊ नये.

बसल्या जागी व्यायाम

आहाराच्या लेखात व्यायाम कशाला, असे म्हणू नका. खाल्लेली प्रथिने स्नायूला तेव्हाच लागतात जेव्हा स्नायू काम करतो. खुर्चीवर ताठ बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, दहा अंक मोजा, खाली ठेवा. मग दुसरा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. एका महिन्यानंतर उठताना फरक जाणवू लागतो. सपाट रस्त्यावर रोज झेपेल तेवढे चाला. स्टेशनवर जिने चढणे मात्र टाळा. दुखत असताना उकिडवे बसू नका. शक्य असेल तर संडासात खुर्चीची सोय करा, चूल-शेगडी ओट्यावर घ्या. वंदनेला खुर्चीवर बसले तर काही बिघडत नाही.

प्रत्येक सांधेदुखी एक नसते

आहाराने सगळेच बरे होते असे आम्ही म्हणत नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

हाताच्या बोटांचे, मनगटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी तासाहून अधिक वेळ आखडलेले राहतात, तर तो आमवात असू शकतो. बायकांत तो जास्त असतो. त्याला वेळेवर औषध मिळाले तर बोटे वाकडी होत नाहीत. त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादर लागली तरी सहन होत नाही, तर ते युरिक ॲसिडचे दुखणे असू शकते. त्यात दारू, काळीज-गुर्दा, फार मटण आणि साखरेची पेये बंद करावी लागतात. डाळी आणि पालक यांना मात्र लोक उगाच दोष देतात. त्यांनी हे दुखणे वाढत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.

2006 साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा कितीतरी लोकांचे सांधे महिनोन् महिने धरले होते. तापानंतर सांधे धरले असतील तर डॉक्टरांना तसे सांगा.

गावात अनेकांची पाठ आणि मान आखडते, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, तर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याची शंका घ्यावी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील आणि यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत हा त्रास आहे. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्यास योग्य नाही. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन पाणी तपासून घ्या. तिथे एकट्याचा आहार पुरत नाही, गावाचे पाणी बदलावे लागते.

पुडीचा धोका

पत्रातील भगिनींनी आठवडी बाजारातून सासूबाईंसाठी जडीबुटीची म्हणून पुडी आणली होती. आठ दिवसांत त्या उठून चालू लागल्या. सगळे घर आनंदले. दोन महिन्यांनी तोंड सुजले, तहान वाढली, तपासले तर साखर वाढलेली. अशा हमखास गुणाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले सापडते. त्याने सूज झटक्यात उतरते, म्हणून लोक फसतात. पण साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे विरळ होतात, जखमा भरत नाहीत. ज्या पुडीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती घरात आणू नका. कोणी महिनोन् महिने घेत असेल तर एकदम बंदही करू नका, त्यानेही धोका होतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

औषधाच्या दुकानातून रोज आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही जठरात व्रण होतात, मूत्रपिंड खराब होते. आणि पायाचा रस्सा? बोकडाच्या पायाचा रस्सा चवीला उत्तम, जरूर प्या. पण तो पोटात जाऊन इतर अन्नासारखाच पचतो, त्यातला चिकटपणा थेट गुडघ्यात जात नाही. हळद जेवणात असावीच, तिने काहींना थोडा आराम पडतो. मात्र तिला औषधाची जागा देऊ नये.

शेवटी जेवणारी

आता खरी गोष्ट. आत्याबाईंनी पथ्य पाळले म्हणून वरण सोडले, असे आपण म्हणतो. पण घरात डाळ कमी असली की "मला वातूळ होतं" असे म्हणून आपला वाटा नातवाच्या ताटात घालणाऱ्या आजी तुम्ही पाहिल्या नाहीत का? पुष्कळदा पथ्य हे निमित्त असते. आयुष्यभर शेवटी जेवायची, उरलेसुरले खायची सवय लागलेली असते. त्या सवयीला म्हातारपणी पथ्याचे नाव मिळते.

आपल्या ताटाचा इतिहास आपणच आठवावा. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाण्याची नोंद करून ठेवली आहे. ज्यांच्या वाट्याला टाकलेले, शिळे आणि मेलेल्या जनावराचे येई, त्यांनी त्यातूनही चव आणि पोषण कसे काढले हे त्यातून कळते. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे सोडा असे सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी ते सोडले. ते सोडले स्वाभिमानासाठी. ताट रिकामे ठेवण्यासाठी नव्हे. गावाचे उष्टे सोडले, मग घरातल्या घरात आपल्याच मायने उरलेले का खावे?

म्हणून सुनांनो आणि विशेष करून मुलांनो, एवढे करा. वरण शिजले की पहिली वाटी आजी-आजोबांच्या ताटात वाढा. अंडी आणली की कमावत्या पुरुषाला दोन आणि म्हातारीला शून्य असा हिशोब ठेवू नका. त्या "नको गं बाई" म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा, "आत्याबाई, हे पथ्यच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय असं समजा." आणि त्यांच्याजवळ बसून जेवा. एकटे माणूस कमी खाते.

पत्रलेखिका ताईंना आमची विनंती की आजपासून मुगाचे वरण सुरू करा, आठ दिवसांनी अंडे, मग ताक. साखरेची तपासणी चालू ठेवा, पुडीविषयी डॉक्टरांना सांगा. खुर्चीवरचा व्यायाम तुम्हीही त्यांच्याबरोबर करा, कारण तुमचेही गुडघे एक दिवस सत्तरीचे होणार आहेत. झिजलेली गादी नवी होत नाही, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवत नाही. पण मांडीला बळ आले तर त्याच गुडघ्यावर माणूस आणखी कितीतरी वर्षे चालू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा पत्र लिहा. आत्याबाई विहारापर्यंत चालत गेल्या की नाही, ते कळवा.

जयभीम.